कोलेस्टेरॉलचा आकडा आणि आजोबांना लागणारा दम : वाढत्या वयातले रक्त आणि फुप्फुसे



१० सप्टेंबरला शाळेत आपण आजी-आजोबा दिवस साजरा करतो. मागच्या वेळी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा दोन जिने चढून वर आले आणि वर्गात न येता बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले. दोन-तीन मिनिटे ते नुसते हाताने "थांबा" अशी खूण करत होते. मग म्हणाले, "बाई, मागच्याच महिन्यात सगळं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल आहे. मग दम का लागतो हो?"

मी शिक्षिका, डॉक्टर नाही. पण या प्रश्नाने मला धस्स झाले, कारण अगदी हाच प्रश्न आमच्या घरात दीड वर्ष उलटा लटकत होता. म्हणून आजचा पाठ या विषयावर. पाचवीच्या पुढच्या मुलांना श्वसनसंस्था आणि रक्ताभिसरण शिकवताना यातला बराच भाग वापरता येईल. पण खरे सांगायचे तर हा लेख मुलांपेक्षा त्यांच्या घरातल्या मोठ्या माणसांसाठी आहे.

आधी घरची गोष्ट सांगते.

माझ्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अंगाने काडी. तीस वर्षे कारखान्यात नोकरी, पन्नाशीपर्यंत विडी, नंतर सोडली ती कायमची. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. स्टेशनच्या पुलावर चढताना अण्णा मधल्या टप्प्यावर थांबायचे आणि इंडिकेटरकडे बघत बसायचे. "पुढची गाडी कुठली ते बघतोय," असे म्हणायचे. गाडी पकडायची नसली तरी बघायचे! आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला की ते इंडिकेटर बघत नव्हते, श्वास गोळा करत होते.

मग सोसायटीत रक्ततपासणीचे शिबिर झाले. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २३८, ठळक अक्षरात. घरातल्या सगळ्यांची बोटे त्या आकड्यावर. "बघा, चरबी वाढलीये, म्हणून दम लागतो." झाले! तूप बंद, फरसाण बंद, डॉक्टरांकडून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू. सहा महिन्यांनी आकडा १६० वर आला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. दम मात्र होता तिथेच, उलट थोडा वाढलेला. मग आम्ही दुसरा निष्कर्ष काढला, तो म्हणजे "वय झालं."

हे दोन्ही निष्कर्ष चुकले होते. कसे, ते समजण्यासाठी आधी थोडा अभ्यास करू.

कोलेस्टेरॉल म्हणजे नेमके काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. तो विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्तरस, ड जीवनसत्त्व आणि कितीतरी संप्रेरके त्याच्यापासून बनतात. त्यातला मोठा हिस्सा आपले शरीर स्वतःच तयार करते, मुख्यतः यकृतात. म्हणून काही जण शुद्ध शाकाहारी असूनही त्यांचा आकडा वाढलेला असतो.

तेल पाण्यात मिसळत नाही, तसे कोलेस्टेरॉलही रक्तात विरघळत नाही. ते प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून वाहून न्यावे लागते. या गाठोड्यांचे दोन प्रकार आपण नेहमी ऐकतो. एलडीएल हे कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत पोहोचवते आणि जास्त झाले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते. एचडीएल हे जास्तीचे कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत नेते. मी वर्गात सांगताना एलडीएल म्हणजे घरोघरी माल टाकणारा टेम्पो आणि एचडीएल म्हणजे घंटागाडी असे सांगते. मुलांना घंटागाडी लगेच कळते.

रिपोर्टमध्ये एक छान गणितही लपलेले असते. पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, १९७२ मध्ये मांडलेल्या फ्रीडवाल्ड यांच्या सूत्राने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. अण्णांचा रिपोर्ट घ्या. एकूण २३८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २२०. २२० चा पाचवा भाग ४४. म्हणून २३८ वजा ३८ वजा ४४ बरोबर १५६. हे त्यांचे एलडीएल. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही.) भागाकार-वजाबाकीचे असे जिवंत उदाहरण पुस्तकात शोधून सापडणार नाही.

आता, अंगाने काडी असलेल्या माणसाचे कोलेस्टेरॉल कसे वाढले, असे आमच्या शेजारच्या काकूंनी विचारले होते. त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे दाखवून दिले आहे की भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, आणि हे अगदी जन्मापासून असते. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शंभरातल्या सुमारे ८१ प्रौढांच्या रक्तातला स्निग्धांचा एखादा तरी आकडा बिघडलेला आढळला, आणि सर्वांत जास्त आढळले ते कमी एचडीएल. म्हणजे आपल्याकडे टेम्पो वाढलेत हे एक, पण घंटागाड्याच कमी आहेत हे त्याहून मोठे.

फुप्फुसालाही कोलेस्टेरॉल लागते

हा भाग मला स्वतःला नवीन होता, म्हणून जरा सावकाश सांगते.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण एका बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा व्यापतील. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर हवा आणि रक्त यांची देवाणघेवाण होते. विश्रांतीच्या वेळीही दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फुप्फुसांतून जाते, म्हणजे जवळजवळ शरीरातले सगळेच.

पण हे वायुकोश आतून ओले असतात. पावसाळ्यात भाजीवाल्याची पातळ ओली पिशवी उघडून बघितली आहे का? दोन्ही बाजू अशा चिकटतात की नखाने सोडवाव्या लागतात. वायुकोशाचेही श्वास सोडताना तसेच व्हायला हवे. होत नाही, कारण त्याच्या आतल्या बाजूला एका स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. साबणाचा थेंब जसा पाण्याचा ताण मोडतो तसा हा थर वायुकोशाचा ताण मोडतो. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना श्वास का घेता येत नाही, याचे कारण १९५९ मध्ये मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी शोधले. त्या बाळांच्या फुप्फुसात हा थरच पुरेसा तयार झालेला नसतो.

या थरातला सुमारे ९० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा असतो, आणि त्यात थोडे कोलेस्टेरॉलही असते. ते बहुतेक येते कुठून? रक्तातून! म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलला आपण शिव्या घालतो, त्यातले चिमूटभर प्रत्येक श्वासाला हातभार लावत असते. मात्र चिमूटभरच. या थरात ते गरजेपेक्षा वाढले तर थर नीट काम करत नाही. आमटीत मीठ लागतेच, पण मुठीने नाही.

जुना झालेला थर स्वच्छ करायचे काम वायुकोशांतल्या भक्षक पेशी करतात. त्या जुना स्निग्ध पदार्थ गिळतात, त्यातले कोलेस्टेरॉल बाहेर ढकलतात आणि ते एचडीएलच्या गाठोड्यातून परत जाते. उंदरांवरच्या प्रयोगात कोलेस्टेरॉल बाहेर ढकलणारे एक प्रथिन काढून टाकले, तर त्यांच्या भक्षक पेशी चरबीने फुगल्या आणि वय वाढेल तशी फुप्फुसे स्निग्ध पदार्थाने भरत गेली. गंमत म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जो थर साचतो, त्यातही अशाच फुगलेल्या भक्षक पेशी असतात. जागा वेगळी असली तरी दोन्हीकडे खोळंबा त्याच कामाचा होतो. उचललेला कचरा पुढे गेला नाही तर उचलणाराच त्याखाली दबतो. आपल्या भागातल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

वय वाढते तेव्हा

फुप्फुसांची ताकद साधारण २० ते २५ व्या वर्षी सर्वांत जास्त असते. नंतर ती दरवर्षी थोडी कमी होते. फुप्फुसाचा लवचीकपणा जातो, छातीचा पिंजरा ताठर होतो, श्वासाचे स्नायू थकतात. पूर्ण श्वास भरून जोराने सोडला की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते, ते मोजतात. निरोगी माणसात ती दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने घटते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांत ही घट दुपटीच्या आसपास जाते. हे १९७७ मध्ये फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधल्या पुरुषांची आठ वर्षे मोजणी करून मांडले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. धूम्रपान सोडले की गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण पुढच्या घसरणीचा वेग पुन्हा सर्वसाधारण होतो.

फळ्यावर असे मांडा. पंचविसाव्या वर्षी ३५०० मिलिलिटर. दरवर्षी ३० कमी. चाळीस वर्षांत १२०० गेले, पासष्टीला २३०० उरले. एवढ्यात माणूस मजेत देवळात जाऊन येतो. आता दरवर्षी ६० कमी करा. चाळीस वर्षांत २४०० गेले, उरले ११००. एवढ्यात पुलाच्या मधल्या टप्प्यावर इंडिकेटर बघावा लागतो. म्हणून "वय झालं" हे उत्तर मला आता पटत नाही. वयाने ३० जातात. वरचे ३० कोण नेतेय, हे विचारायला हवे.

आणि याच वयात रक्तही बदलत असते. मध्यमवयात एलडीएल वाढत जाते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर ते झपाट्याने वाढू शकते. मग प्रश्न असा पडतो, की या दोन गोष्टी नुसत्या शेजारी-शेजारी घडतात, की एकीमुळे दुसरी घडते?

पाहणी एक सांगते, प्रयोग दुसरे

अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात हजारो लोकांची जी आरोग्य पाहणी झाली, तिच्या आकडेवारीत असे दिसले, की ज्यांचे एचडीएल जास्त त्यांची फुप्फुसे थोडी बरी आणि ज्यांचे एलडीएल जास्त त्यांची थोडी कमजोर. नंतरच्या अभ्यासांत मात्र, विशेषतः एचडीएलच्या बाबतीत, उलटसुलट निष्कर्ष आले. २००७ मध्ये बॉस्टनच्या एका दीर्घ अभ्यासातली बातमी तर फारच आशादायक होती. वृद्ध पुरुषांपैकी जे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते, त्यांची फुप्फुसाची ताकद वर्षाला सुमारे ११ मिलिलिटरने घटत होती. न घेणाऱ्यांची सुमारे २४ ने. वाचणाऱ्याला वाटेल, सापडले औषध!

पण ही पाहणी होती. जो माणूस गोळी नियमित घेतो तो बहुधा डॉक्टरकडेही जातो, फिरायलाही जातो, विडीही सोडतो. फरक गोळीचा की त्या माणसाच्या शिस्तीचा? हे सोडवण्यासाठी प्रयोग लागतो. तो अमेरिका आणि कॅनडात झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार असलेले ८८५ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला रोज ४० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. निकाल काय लागला? आजार उफाळण्याचे प्रमाण एका गटात वर्षाला सरासरी १.३६ वेळा, दुसऱ्यात १.३९ वेळा. म्हणजे फरक नाहीच.

आमच्या घरात हेच झाले होते, फक्त आम्हाला कळले नव्हते. अण्णांचा आकडा २३८ वरून १६० वर आला आणि दम तसाच राहिला. गोळीने तिचे काम चोख केले होते. दम हे तिचे कामच नव्हते.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. त्या प्रयोगात ज्यांना हृदयासाठी किंवा मधुमेहासाठी ही गोळी आधीच गरजेची होती, अशा रुग्णांना घेतलेलेच नव्हते. म्हणून "दम्याच्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी निरुपयोगी" असा अर्थ त्यातून निघत नाही. हा अर्थ काढणारे मात्र भेटतात. आमच्या घरातच भेटले, ते पुढे येईलच.

आकडा कमी म्हणजे छान, असेही नाही

वर्गातल्या त्या मुलाच्या आजोबांचे कोलेस्टेरॉल नॉर्मल होते, तरी दम लागत होता. यात आश्चर्य नाही. उतारवयात हा आकडा कधी कधी आपोआप खाली येतो, आणि ते नेहमी चांगले लक्षण नसते. १९९२ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली गेली, तेव्हा ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १६० च्या खाली होते त्यांच्यात श्वसनाच्या आजारांनी होणारे मृत्यू जास्त दिसले. याचा अर्थ कमी कोलेस्टेरॉलने फुप्फुस बिघडते असा घाईने काढू नका. दीर्घ आजारात माणसाचे खाणे कमी होते, वजन उतरते, आणि त्याबरोबर कोलेस्टेरॉलही उतरते. आधी आजार, मग आकडा. क्षयरोगाच्या बऱ्याच रुग्णांतही कोलेस्टेरॉल कमी आढळते. आणखी नवल म्हणजे क्षयाचा जंतू शरीरात तग धरून राहण्यासाठी आपलेच कोलेस्टेरॉल खातो, हे २००८ मध्ये सिद्ध झाले.

तेव्हा औषध न घेता, पथ्य न करता एखाद्या आजी-आजोबांचा आकडा वर्षभरात धाडकन खाली आला, कपडे सैल झाले, खोकला दोन आठवडे हटत नाही, तर अभिनंदन करू नका. डॉक्टरकडे न्या.

आपल्या भागातली हवा

मग कोलेस्टेरॉल आणि फुप्फुस यांचे नाते नेमके कुठे जुळते? माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत पक्की गाठ धुरात आहे. विडी-सिगारेटचा धूर एकाच वेळी श्वासनलिका सुजवतो, एचडीएल कमी करतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब करतो. विडी सोडली की एचडीएल थोडे वर येते. हवेतले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट लहान, वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांनी उठलेला दाह तिथेच थांबत नाही, रक्तात उतरतो, आणि एलडीएल साचण्याची क्रिया वेगाने होते.

मुंबईत हे फार पूर्वी मोजायला घेतले होते. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या हजारो रहिवाशांची तपासणी केली. जिथे हवा जास्त खराब तिथे खोकला आणि दम जास्त, असे त्यांना आढळले. तेव्हा गिरण्या चालू होत्या. नंतर गिरण्या गेल्या, माणसे कल्याण-डोंबिवली, बदलापूरपर्यंत सरकली, आणि धूरही वेगळ्या रूपात सरकला.

डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्रीसुद्धा बघायला आले. टीव्हीवर दिवसभर तेच. पण रंग दिसला की बातमी होते, कण दिसत नाहीत म्हणून त्यांची होत नाही. आधारवाडीचा कचरा पेटायचा तेव्हा कल्याणच्या मुलांना खिडक्या लावून बसवावे लागायचे, घोडबंदर रोडवर ट्रकच्या रांगेत रिक्षात बसलो की घसा खवखवतो, हे आपण सगळेच अनुभवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून या बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे.

आणि आज्या? त्यांनी तर विडी ओढलेली नसते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात हाच मुद्दा मांडला, की सीओपीडी कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही मोठ्या प्रमाणात होतो, आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. मुरबाड-शहापूरकडून लग्न होऊन आलेल्या, पंधरा-वीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या कितीतरी आज्या आज डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या दमाला घरात "वजन वाढलंय" म्हणतात.

शेवटी अण्णांचे काय झाले?

एका पावसाळ्यात साध्या सर्दीचे निमित्त झाले आणि अण्णांना न्हाणीघरापर्यंत चालवेना. तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी एका यंत्राच्या नळीत जोराने फुंकायला लावले. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. सुई नाही, रक्त नाही, पंधरा-वीस मिनिटांचे काम. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा भागिले एकूण बाहेर आलेली हवा. श्वासनलिका मोकळी करणारे औषध दिल्यानंतरही हे उत्तर ०.७० च्या खाली राहिले तर सीओपीडी. अण्णांचे ०.५८ आले. दीड वर्षापूर्वीच्या पॅकेजमध्ये चाळीस-पन्नास तपासण्या होत्या, थायरॉईडपासून जीवनसत्त्वांपर्यंत. त्यात ही एक नव्हती. अशा पॅकेजांत ती सहसा नसतेच, कारण ती रक्ताच्या बाटलीत मावत नाही. आम्हीही मागितली नाही, तो दोष आमचा.

पंप सुरू झाला, पंधरा दिवसांत फरक दिसला. आणि मग अण्णांनी आपल्या डोक्याने एक निर्णय घेतला. तीन महिन्यांनी लाडवाच्या रिकाम्या डब्यात मला कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटे सापडली. विचारले तर म्हणाले, "अगं, रोग तर फुप्फुसाचा निघाला. मग ती गोळी कशाला पोटात ढकलायची? शिवाय मोबाईलवर आलंय, फुप्फुसाला कोलेस्टेरॉल लागतं म्हणून."

लागते, हे खरेच आहे. तुम्ही वर वाचलेच. पण त्यासाठी लागणारे चिमूटभर कोलेस्टेरॉल गोळी घेऊनही शरीरात भरपूर असते.

डॉक्टरांनी त्यांना जे सांगितले ते मला फार आवडले. ते म्हणाले, "काका, तुमचा श्वास पंप सांभाळेल. पण सीओपीडीचे बरेच पेशंट श्वासाने नाही, हार्टने जातात. ज्या विडीने नळ्या खराब केल्या तिनेच हृदयाच्या वाहिन्याही खराब केल्यात. दमाला पंप, हृदयाला गोळी. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका." पुढे त्यांनी रोज तलावाकाठी किंवा सोसायटीत, दम लागेल तिथे थांबत, अर्धा तास चालायला सांगितले. चालण्याने पायांचे स्नायू सुधारतात आणि त्याच पायऱ्या कमी श्वासात चढता येतात. एचडीएलही किंचित वाढू शकते. फ्लूची लस दरवर्षी आणि न्युमोनियाची लस घ्यायलाही सांगितले.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हा पाठ घेताना एक कृती नक्की करा. दोन काचपट्ट्यांमध्ये पाण्याचा थेंब ठेवून त्या मुलांना ओढून वेगळ्या करायला सांगा. मग साबणाच्या पाण्याने तेच करा. वायुकोशाचा थर दोन मिनिटांत समजतो. आणि गृहपाठ म्हणून, घरातले सर्वांत वयस्कर माणूस एक जिना चढताना कितीदा थांबते आणि थांबल्यावर काय कारण सांगते, ते वहीत लिहून आणायला सांगा. माझ्या वर्गात आलेली उत्तरे अशी होती : चप्पल नीट करते, शेजाऱ्यांच्या कुंडीतली तुळस बघते, पदर सारखा करते, मोबाईल वाजला असे म्हणते. एका मुलीने लिहिले होते, "आजी म्हणते तू पुढे हो, मी आलेच."

त्या नऊ मुलांच्या पालकांना मी स्वतः फोन करून स्पायरोमेट्रीबद्दल सांगितले. बाकावर बसलेल्या आजोबांनाही. ते दिवाळीच्या सुट्टीत जाऊन फुंकून आले म्हणे.

अण्णा आता पुलाच्या मधल्या टप्प्यावर थांबतात तेव्हा इंडिकेटरकडे बघत नाहीत. कठड्याला धरून सरळ म्हणतात, "थांब जरा, दम खातो." दोन मिनिटांनी आम्ही पुढे जातो. गोळीचे पाकीट आणि पंप मी देवघराशेजारच्या फळीवर एकाच वाटीत ठेवले आहेत, आणि महिन्याच्या शेवटी मी ती पाकिटे मोजते. अण्णांना ते माहीत आहे.